लेकराची पोटगी : ठरते कुठे, वसूल कशी होते



मागे आपण बचत गटाच्या कर्जफेडीवर बोललो होतो. तो कार्यक्रम संपला आणि स्टुडिओतला फोन वाजला. एक ताई बोलत होत्या. कर्जाचं त्यांना काही विचारायचं नव्हतं. म्हणाल्या, "गावात बैठक झाली होती. सरपंच होते, तंटामुक्तीचे अध्यक्ष होते, दोन्हीकडची चार-चार माणसं होती. पोरीला महिन्याला दोन हजार देईन असं मालकांनी स्टँप पेपरवर लिहून दिलं. सगळ्यांनी सह्या केल्या. दोन महिने पैसे आले. आता आठ महिने झाले, एक रुपया नाही. ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक म्हणतात, ताई, हे आमच्याकडे येत नाही. मग त्या कागदाचं मी करू काय?"

हा प्रश्न एका ताईचा नाही. आमच्याच गटांत डोकावून पाहिलं तर माहेरी परतलेल्या, दोन-दोन लेकरं घेऊन मजुरीला जाणाऱ्या कितीतरी जणी सापडतात. आणि बहुतेकींच्या पेटीत तसाच एक घडी घातलेला कागद असतो. म्हणून आम्ही तालुक्याच्या विधी सेवा समितीत काम करणाऱ्या एका वकीलबाईंकडे दोन दुपारी बसलो, सगळं समजून घेतलं, आणि ते आज तुम्हाला सांगतोय.

पहिली गोष्ट आधी सांगतो, कारण तिथेच आपण फसतो. पोटगी ठरवण्याचा आणि वसूल करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. सरपंचांना नाही, ग्रामसेवकांना नाही, आणि तंटामुक्त गाव समितीलाही नाही. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. तिचं काम समजूत घालायचं, भांडण मिटवायचं. समजूत घालणं चांगलंच. पण समजूत मोडली तर समितीच्या हातात काही नसतं. तिला कुणाचा टेम्पो जप्त करता येत नाही आणि कुणाला तुरुंगातही पाठवता येत नाही. स्टँप पेपर पाहिला की आपल्याला वाटतं, सरकारी कागद आहे, आता कुठे जातो! पण स्टँप म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे.

मग तो कागद फाडायचा का? मुळीच नाही. जपून ठेवायचा. लेकरू आपलं आहे आणि त्याला पैसे द्यायला हवेत, हे बापाने चार माणसांसमोर कबूल केल्याचा तो पुरावा आहे. कोर्टात त्याचा उपयोग होतो.

आणि गावात खरोखरच समजूत झाली असेल, दोघंही राजी असतील, तर ती समजूत गावातच ठेवू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे अर्ज देऊन तीच तडजोड लोकअदालतीत नोंदवता येते. त्यासाठी आधी केस चालू असलीच पाहिजे असंही नाही. लोकअदालतीत झालेल्या निवाड्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकंच वजन असतं. तेच दोन हजार, त्याच दोन सह्या, पण आता मोडलं तर वसुलीला जाता येतं. त्या ताईंच्या बैठकीतल्या एकालाही हे ठाऊक असतं तर आठ महिने वाचले असते. यात आम्ही त्या गावकऱ्यांना दोष देत नाही, आम्हालाही दोन वर्षांपूर्वी हे माहीत नव्हतं.

ग्रामपंचायतीला अधिकार नाही म्हटलं, पण तिचं काहीच काम नाही असं समजू नका. जन्माची नोंद तिच्याकडे असते. लेकराच्या जन्माच्या दाखल्यावर बापाचं नाव आहे का, बरोबर आहे का, हे आजच पाहून घ्या. कित्येक ठिकाणी बाळंतपण माहेरी झालं, नोंद दवाखान्यात झाली आणि नावच चुकलं, असं दिसतं. शाळेतून बोनाफाईड घ्या. अंगणवाडीचं लसीकरणाचं कार्ड, रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, सगळं एका पिशवीत.

आता पोटगी ठरते कुठे? तालुक्याच्या फौजदारी कोर्टात, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. ज्या शहरात कौटुंबिक न्यायालय आहे, तिथे त्या न्यायालयात. जिथे ग्राम न्यायालय सुरू झालं आहे, तिथे त्यालाही पोटगीचा अधिकार आहे. नावात 'ग्राम' असलं तरी ते ग्रामपंचायतीचं नाही बरं का, तिथे नेमलेले न्यायाधिकारी बसतात.

आपल्या आया-मावश्या ज्याला 'एकशेपंचवीसची केस' म्हणायच्या, ती हीच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि पोटगीचं कलम झालं १४४. हे ऐकून एका मावशीने आम्हाला विचारलं, "अगं, एकशे चव्वेचाळीस म्हणजे जमावबंदी ना?" ती जुनी गोष्ट. जमावबंदीचं कलम आता १६३ झालं. आकडा बदलला, हक्क तोच राहिला. तुमची जुनी १२५ ची ऑर्डर असेल तर ती रद्द झाली असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

अर्ज कुठल्या तालुक्यात करायचा? नवरा राहतो तिथे करता येतो, तुम्ही दोघं शेवटचं एकत्र राहिलात तिथे करता येतो, आणि तुम्ही आत्ता राहता तिथेही करता येतो. म्हणजे माहेरच्या तालुक्यात. सासरच्या तालुक्याला दर तारखेला जायला एसटीचं तिकीट आणि मजुरी बुडते, शिवाय तिकडची माणसं कोर्टाच्या आवारात घेरतात, ही भीती पुष्कळ जणींना असते. त्यासाठी हे लक्षात ठेवा.

वकिलाची फी कुठून आणायची? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने बाईला आणि लेकराला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्न किती, जात कुठली, हे बाईच्या बाबतीत पाहत नाहीत. पोटगीच्या अर्जाला महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी माफ आहे. तालुक्याच्या कोर्टात 'तालुका विधी सेवा समिती' अशी पाटी शोधा. नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा.

आता थोडं हक्काविषयी, कारण गावात यावर फार उलटसुलट बोललं जातं. लेकराची पोटगी ही आईची पोटगी नव्हे. एका अर्जात दोन्ही मागता येतात, पण हक्क वेगळे आहेत. 'ही स्वतःहून घर सोडून गेली', 'हिचं वागणं बरोबर नाही', असे आरोप नवरा करतो तेव्हा त्याचा परिणाम झालाच तर बायकोच्या पोटगीवर होईल. सात वर्षांच्या पोरीने काय गुन्हा केला? तिची पोटगी त्याने थांबत नाही. आईने दुसरं लग्न केलं तरी बापाची जबाबदारी सरत नाही. काडीमोडाच्या कागदावर 'यापुढे पोटगी मागणार नाही' असं आईकडून लिहून घेतात. आई स्वतःचा हक्क सोडेल एकवेळ, पण लेकराचा हक्क सोडून द्यायला तो तिचा नाहीच.

लग्नाशिवाय झालेल्या लेकरालाही हा हक्क आहे. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिश्चन, सगळ्यांना हेच कलम लागू आहे. तलाक झाल्यावर मुसलमान बापाला मुलांची पोटगी चुकवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्येच सांगून ठेवलं आहे. या कलमाखाली मुलाला अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत पोटगी मिळते. अपंगत्वामुळे स्वतःचं पोट भरता येत नसेल तर पुढेही मिळते. अविवाहित हिंदू मुलीला अठरानंतरही बापाकडून खर्च मागता येतो, मात्र तो १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्याखाली. पोरगी बारावी झाली, नर्सिंगला घालायची आहे, तर हे वकिलांना मुद्दाम विचारा.

रक्कम किती? याला आपल्याकडे ठरलेला दर नाही. २००१ पर्यंत या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांच्या वर पोटगी देताच येत नव्हती. ती मर्यादा त्या वर्षी काढून टाकली. आता कोर्ट बघतं, लेकराची गरज किती, बापाची ऐपत किती, आई काही कमावते का, आणि बापाच्या घरात लेकरू असतं तर कसं राहिलं असतं. आई कमावते म्हणून बाप सुटत नाही, दोघांचा वाटा पाहिला जातो.

इथे आपण काय करतो? न्यायाधीश विचारतात, "किती पाहिजे?" आणि आपण म्हणतो, "साहेब, तुम्हीच काय ते बघा." असं करू नका. त्या फोनवरच्या ताई नंतर आमच्याकडे येऊन बसल्या, तेव्हा आम्ही त्यांच्या बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. पोरगी सात वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत. शाळेला फी नाही, म्हणून ताई म्हणत होत्या, "तिचा खर्च तसा काही नाही हो." मांडायला लागलो. दूध रोज अर्धा लिटर, महिन्याला ९००. धान्य, भाजी, तेल, गॅस यात तिचा वाटा १,५००. पोरीला दम्याचा त्रास आहे, डॉक्टर आणि औषधं सरासरी ४००. शिकवणी ३००. कपडे, चपला, दप्तर, वह्या वर्षाला सहा हजार, म्हणजे महिन्याला ५००. जाणं-येणं २००. बेरीज झाली ३,८००. ताई त्या आकड्याकडे बघतच राहिल्या. बैठकीत दोन हजार ठरले होते, ते कुणी कशावरून ठरवले होते, हे कुणालाच सांगता येईना. एकाने पाच हजार म्हटलं, दुसऱ्याने हजार, मग मधला आकडा पकडला. बैल घेताना करतात तसं.

अशी वही ठेवा. मेडिकलची बिलं खिळ्याला अडकवून ठेवा. हे कोर्टात फार उपयोगी पडतं.

आणि बापाची ऐपत? तो कोर्टात उभा राहून सांगणार, "मला काम नाही, जमीन वडिलांच्या नावावर आहे." धडधाकट माणसाला असं म्हणून सुटता येत नाही, मजुरी करून का होईना लेकराला पोसलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने पुन्हापुन्हा सांगितलं आहे. पण नुसत्या मजुरीवर हिशोब धरला तर आकडा लहान येतो. म्हणून पुरावा आपण द्यायचा. सातबारा आणि आठ-अ चे उतारे ऑनलाइन निघतात. ऊस कारखान्याला जातो का, कुणाच्या नावावर जातो? डेअरीला दूध घालतात का? टेम्पो, ट्रॅक्टर, जेसीबी असेल तर गाडीचा नंबर लिहून ठेवा, मालक कोण ते आरटीओच्या नोंदीतून कळतं. सोसायटीचं पीककर्ज कुणाच्या नावावर आहे? कंपनीत कामाला असेल तर कंपनीचं नाव आणि गाव. एवढं दिलं की बाकीचं कोर्ट त्याच्याकडूनच काढून घेऊ शकतं.

ते कसं, हे एका नागपूरच्या केसवरून सांगतो. तिथल्या कौटुंबिक न्यायालयात एका आईने स्वतःसाठी आणि लहानग्या मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. मुलगा जन्मला त्याच सुमारास, २०१३ मध्ये, तिने घर सोडलं होतं. कौटुंबिक न्यायालयाने पोटगी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, तरी नवरा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० ला. तोवर तो मुलगा शाळेत जायला लागला होता, बघा. आणि ही अंतरिम, म्हणजे निकालापर्यंतची तात्पुरती पोटगी! हे पाहून न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती सुभाष रेड्डी यांनी देशभरातल्या कोर्टांसाठी नियम घालून दिले. नवरा-बायको दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते. आणि पोटगी अर्ज केला त्या तारखेपासून द्यायची, निकालाच्या तारखेपासून नाही. हे शेवटचं फार मोलाचं. केस दोन वर्षं रेंगाळली तर दोन वर्षांचे पैसे बुडत नाहीत, पण अर्ज करायला तुम्ही दोन वर्षं लावलीत तर ते मात्र गेले. म्हणून 'समजूत होईल, बघू' म्हणत अर्ज लांबवू नका. समजूत अर्ज करूनही होते.

अर्जासोबतच अंतरिम पोटगीचा अर्जही लावायला वकिलांना सांगा. नवऱ्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात नोटीस लागणं हीच पहिली अडचण असते. घरचे सांगतात, 'तो इथे राहत नाही.' म्हणून त्याचा कामाचा पत्ता, तो कुठल्या तालमीत, कुठल्या चहाच्या टपरीवर बसतो, इतकं सगळं लिहून द्या. त्यात लाजायचं काही नाही.

समजा ऑर्डर झाली. पेढे वाटायची घाई करू नका, खरं काम इथून सुरू होतं. ऑर्डरनंतर पैसे आपोआप येत नाहीत. काही देशांत वेगळी पद्धत आहे. जर्मनीत बापाने पैसे दिले नाहीत तर तिथल्या स्थानिक प्रशासनाचं बालक कार्यालय लेकराला ठरावीक रक्कम आधी देतं आणि मग बापाकडून ती वसूल करायच्या मागे लागतं. आपल्याकडे असं कार्यालय नाही. इथे मागे लागायचं ते आईनेच. आम्हाला विचाराल तर हे बरोबर नाही, पण आज आहे ते असं आहे.

पैसे थकले की त्याच कोर्टात वसुलीचा अर्ज करायचा. त्याला पुन्हा पहिल्यापासून केस चालवावी लागत नाही. नवरा चाकणला, भिवंडीला, सुरतेला गेला असेल तर तो जिथे आहे तिथल्या मॅजिस्ट्रेटपुढेही ऑर्डरची प्रत देऊन अंमलबजावणी मागता येते. प्रत कोर्टाकडून फुकट मिळते, ती मागून घ्या.

मग कोर्ट वॉरंट काढतं. दंड वसूल करायची जी रीत आहे तीच इथे वापरतात. एक रस्ता म्हणजे त्याच्या जंगम वस्तू, मोटरसायकल, टेम्पो, जनावरं जप्त करून विकणं. दुसरा रस्ता कलेक्टर कचेरीतून जातो, आणि तो फार थोड्या जणींना माहीत आहे. कोर्ट जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवू शकतं, की ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करा. तिथून ते तहसीलदारांकडे येतं आणि तहसीलदारांकडून आपल्या गावच्या तलाठ्यांकडे. सारा थकवला तर महसूल खातं काय करतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. त्यात जमीनही सापडते. फक्त जमीन त्याच्या स्वतःच्या नावावर किंवा त्याचा हिस्सा असलेली पाहिजे. म्हणून वकिलांना विचारा, "वॉरंट कलेक्टरकडे पाठवायचा अर्ज करता येईल का?" आणि गेलं तर तहसीलला जाऊन आवक क्रमांक घ्या. कागद टेबलावर पडून राहतो, त्याला कुणीतरी विचारावं लागतं. गटातल्या दोघी-तिघींनी सोबत जावं. एकट्या बाईला 'उद्या या' म्हणतात, तिघी गेल्या की खुर्ची देतात, हा आमचा अनुभव.

वॉरंटनंतरही पैसे आले नाहीत तर कोर्ट त्याला महिनाभरापर्यंत तुरुंगात पाठवू शकतं. त्याआधी पैसे भरले तर सुटका. यावर गावात एक गैरसमज पक्का बसला आहे: 'तो महिनाभर आत जाऊन आला, आता फिटलं.' फिटलं नाही. तुरुंग ही पैसे काढून घ्यायची रीत आहे, पैशाच्या बदल्यात तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. तो बाहेर आल्यावरही थकबाकी उभीच असते. खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तुरुंगाची पाळी येत नाही. वॉरंट दारात आलं की चुलत्याकडून, सोसायटीतून, कुठून तरी पैसे उभे राहतात. आठ महिने नसलेले पैसे एका दुपारी येतात!

आता एक गोष्ट कान देऊन ऐका, ज्यांच्याकडे ऑर्डर आहे त्यांनी तर नक्कीच. पोटगीचा हप्ता ज्या दिवशी द्यायचा होता, त्या दिवसापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला पाहिजे. वर्ष उलटलं की त्या हप्त्यासाठी हे वॉरंट निघत नाही. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी ऑर्डर मिळाल्यावर तीन वर्षं वाट पाहिली. त्यांना वाटलं, बँकेत साठतात तसे पैसे साठत असतील, पोराच्या दहावीला एकदम घेऊ. गेल्या तेव्हा शेवटच्या बारा महिन्यांचे तेवढे या रस्त्याने मिळाले. मागच्या पैशासाठी दिवाणी वसुलीचा लांबचा रस्ता असतो, तो वकिलांना विचारावा, पण तो लांबचाच. तेव्हा ऑर्डरची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा आणि दर सहा महिन्यांनी थकबाकीचा अर्ज द्या. चार महिन्यांचे थकले तरी द्या. पैसे शक्यतो बँक खात्यातच घ्या, म्हणजे कुणी 'हातात दिले होते' म्हणू शकत नाही.

मारहाण, उपाशी ठेवणं, हाकलून देणं असं काही झालं असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीही लेकराचा खर्च मागता येतो. त्यासाठी महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात. ते तुमचा अहवाल तयार करून कोर्टात देतात, आणि पैशाच्या आदेशाची अंमलबजावणी होते की नाही हे पाहणं हेही कायद्याने त्यांचं काम आहे. हे त्यांना नम्रपणे पण आठवण करून द्या, कारण त्यांच्याकडे कामाचा ढीग असतो. नवरा नोकरीला असेल तर हा कायदा जास्त उपयोगी. कोर्ट थेट मालकाला किंवा कंपनीला हुकूम देऊ शकतं, की याच्या पगारातून एवढी रक्कम परस्पर बाईला द्या. कुणाच्या दारात जायला नको. संरक्षण अधिकारी कुठे बसतात ते १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारता येईल.

कोर्टाचं होईपर्यंत चूल कशी पेटायची, हाही प्रश्न आहेच. एकट्या आईच्या लेकरासाठी बालसंगोपन योजना आहे, तिचा अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात जातो आणि दरमहा २,२५० रुपये मिळतात. परित्यक्ता आणि घटस्फोटित बायकांसाठी संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये आहेत, तो अर्ज तहसीलला. उत्पन्नाची अट कडक आहे, दाखला आधी काढा. या योजनांच्या पैशामुळे बापाची पोटगी कमी होत नाही, उगाच कुणी घाबरवलं तर घाबरू नका.

मध्येच एका बहिणीने चिठ्ठी पाठवली आहे: पैसे देत नाही तर मी लेकराला त्याला भेटू देणार नाही, असं म्हटलं तर चालेल का? नाही चालणार. भेटणं हा लेकराचा वेगळा हक्क आहे, पोटगी वेगळी. तो भेटायला येत नाही म्हणून पोटगी थांबत नाही, आणि पोटगी देत नाही म्हणून भेट थांबवता येत नाही. थांबवलीत तर उद्या तोच तुमच्याविरुद्ध कोर्टात बोलेल. राग आम्हालाही येतो, पण हे असं आहे.

आणि रक्कम एकदा ठरली की कायमची नाही. पोरगी पहिलीत असताना ठरलेले पैसे आठवीत पुरत नाहीत. परिस्थिती बदलली की त्याच कोर्टात वाढवून मागता येतं. त्यालाही कमी करून मागता येतं, पण कारण दाखवावं लागतं.

फोनवरच्या त्या ताईंनी अर्ज केला. वही, सातबारा, टेम्पोचा नंबर आणि तो स्टँप पेपर, सगळं जोडलं. मागितले ३,८००. नोटीस दोनदा परत आली, तिसऱ्यांदा टेम्पोच्या स्टँडवर लागली. पहिल्या तारखेला नवऱ्याने दोन हजारांची तडजोड सुचवली. ताईंनी वही पुढे केली आणि म्हणाल्या, "यातलं काय कमी करू ते सांगा." पुढची तारीख सव्वीसला आहे. त्यांच्या गटातल्या दोघी सोबत जाणार आहेत, एकीने त्या दिवसाचा रोज बुडवायचं ठरवलंय.